वातीचं बूड

दिवा म्हटलं की आपलं लक्ष ज्योतीकडं जातं. कवींचं जातं, भक्तांचं जातं, लहान पोरांचं तर जातंच जातं. ज्योतीखाली वात असते हे आपण मान्य करतो. पण त्या वातीला बूड असतं, आणि ते बूड कुठंतरी टेकलेलं, कुणीतरी धरलेलं असावं लागतं, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. येण्याची गरजही नसते. आपल्या घरातल्या दिव्यांनी तो प्रश्न फार पूर्वी, काही गाजावाजा न करता सोडवून ठेवलेला आहे.

पणती बघा. कुंभारानं बोटानं दाबून तिला चोच काढलेली असते. वात तेलात आडवी पडते, शेंडा तेवढा चोचीवर मान टेकून राहतो. तेल आपणहून वातीकडं चालत येतं. समईचंही तेच, फक्त चोची पाच. निरांजनातली फुलवात याहून हुशार. तिला उभं राहायचं असतं, म्हणून तिच्या बुडाशी कापसाचं फूल ठेवलेलं असतं. आमच्या घरी थोरल्या बायका दुपारी फुलवाती करत बसत. दुधाचं बोट लावून शेंडा पिळायचा आणि खालचा कापूस पसरून द्यायचा. तो कापूस म्हणजेच त्या वातीचा पाय. तूप पातळ झालं तरी वात कलंडत नाही, कारण तिचा पाय तिच्याहून रुंद असतो.

बाजारात मिळणारी साधी उभी मेणबत्ती घेतली, तर तिथं वातीला सगळ्या बाजूंनी मेणानंच आवळून धरलेलं असतं. वरचं चमचाभर मेण वितळतं, वात त्यात भिजते, जळते. खालचं मेण दगडासारखं घट्ट असतं. धरणारा आणि जळणारा एकच. त्यामुळं तिथंही बुडाचा प्रश्न नाही.

प्रश्न उभा राहतो तो काचेच्या ग्लासात किंवा वाटीत ओतलेल्या मेणबत्तीत. अलीकडं दिवाळीत अशा ग्लासांचा फार सुळसुळाट झालेला आहे. दिसायला सुंदर, वास सुंदर, भेट द्यायला सोयीच्या. इथं वितळलेलं मेण वाहून जात नाही. भांड्याच्या भिंती त्याला अडवतात आणि वातीभोवती त्याचं तळं साठतं. तळं रोज खाली खाली सरकतं. शेवटच्या बोटभर मेणाला तर काही वेळानं घट्ट असा भागच उरत नाही, सगळंच पाणी होतं. त्या वेळी वातीला धरणारं जगात कुणी नसतं, फक्त बुडाशी लावलेला एक थेंब असतो. तो थेंब कशाचा असावा, एवढाच या लेखाचा विषय. वाचकांना तो क्षुल्लक वाटेल. आमच्या गल्लीत २०२३ च्या दिवाळीआधी महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आमच्या गल्लीत आठ बायकांची एक भिशी आहे. भिशीतून चार पैसे जमले, त्यातून मेणाच्या पणत्या करण्याचा उद्योग निघाला. मातीच्या पणत्या आम्हाला लांबून आणाव्या लागत नाहीत. बेळगावकराला खानापूर जवळ, आणि खानापूरच्या मातीचं नाव जुनं आहे. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथं आहे. पणती आणायची, मेण पातळ करून ओतायचं, वात उभी करायची, रंगीत कागदात गुंडाळायची. चार-पाच वर्षं हे काम बिनबोभाट चाललं. मी निवृत्त शास्त्रशिक्षक. माझा संबंध एवढाच, की माझ्याकडं थर्मामीटर होता आणि तो मागायला कुणीतरी यायचं.

त्या वर्षी गोव्यातल्या एका दुकानदारानं काचेच्या ग्लासातल्या तीनशे मेणबत्त्यांची मागणी दिली. आगाऊ रक्कम दिली. नमुन्यादाखल चाळीस ग्लास गणपतीच्या आधीच पाठवून झाले. विसर्जनानंतरच्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. एका गिऱ्हाइकाच्या घरी ग्लासातली वात मध्येच चालत चालत कडेला गेली, ज्योत काचेला लागून राहिली, आणि काच तडकली. मेण टेबलावर सांडलं, टेबलक्लॉथ करपला. खोलीत लहान मूल झोपलेलं होतं. घरच्या बाईंनी वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. दुकानदार चिडलेला नव्हता, भ्यालेला होता. भ्यालेल्या माणसाचा आवाज चिडलेल्या माणसापेक्षा जास्त लागतो.

संध्याकाळी भिशीतल्या सगळ्यात थोरल्या काकू एक ग्लास हातात घेऊन माझ्या कट्ट्यावर आल्या. "सर, ह्या वाती चालतात की ओ."

"चालतात म्हणजे?"

"म्हणजे जाग्यावर ऱ्हात नाहीत. पणतीत राहत होत्या. काचेत का राहत नाहीत, तेवढं सांगा."

प्रश्न इतका नेमका होता, की वर्गात तीस वर्षांत असे फार थोडे आले.

पणतीत आणि ग्लासात वात बसवण्याची रीत एकच होती. वातीच्या बुडाला पत्र्याची छोटी गोल टिकली असते, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. टिकलीच्या मध्यावर एक बारीक नळी वर आलेली असते. त्या नळीत वात घालून चिमट्यानं आवळायची, टिकलीखाली पातळ मेणाचा थेंब टाकायचा आणि टिकली दाबून धरायची. मेण गार झालं की टिकली बसली. पणतीत ती खरोखरच बसते. भाजलेल्या मातीला असंख्य बारीक छिद्रं असतात. पातळ मेण त्या छिद्रांत शिरतं आणि तिथंच घट्ट होतं. जमिनीत मूळ रुतावं तसं. शिवाय पणती उथळ, तिच्यात मेण थोडं. म्हणून पणतीतली मेणाची टिकली दगा देत नाही. (एक मात्र लक्षात ठेवावं. तेलाच्या पणत्या आपण आधी पाण्यात भिजत घालतो. मेणाची पणती खडखडीत वाळलेली लागते. ओल्या मातीवर गरम मेण ओतलं की बुडबुडे येतात आणि वात तडतडते.)

काचेला छिद्रं नाहीत. ती गुळगुळीत, आणि मेण तर गार होताना आकसणारं. आकसलं की ते काचेवरून अलगद सुटतं. साच्यातून मेणबत्ती सहज निघते ती याच गुणामुळं. साच्यात जो गुण, तोच इथं अवगुण. आणखी एक गोष्ट. आपल्याकडं मिळणारं साधं पॅराफिन मेण साधारण ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळतं. ते ओतायचं ७० ते ७५ अंशांवर. म्हणजे ६० अंशांना वितळणाऱ्या थेंबावर आपण ७५ अंशांचं मेण ओततो आणि थेंबानं धरून राहावं अशी अपेक्षा करतो. पाहुण्यांनीच पाहुण्यांना आवरावं, तशातला प्रकार. पुढं ग्लास जळत जळत तळाशी आला की तो थेंब भोवतालच्या मेणाबरोबर पुन्हा पाणी होतो, आणि टिकली तळ्याच्या तळाशी मोकळी सुटते. ग्लासाला जरा धक्का लागला, वारा आला, की वात निघाली कडेला. ज्योत एका बाजूला टेकली की काचेची तेवढीच बाजू तापते, बाकीची थंड राहते, आणि या ओढाताणीत काच तडकते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे मेणाला मेण धरत नाही. दुसरं काय धरतं ते बघूया."

पण त्याआधी एक निर्णय व्हायचा होता आणि तो माझ्या कट्ट्यावर झाला नाही, त्यांच्या भिशीत झाला. दुकानात गेलेल्या चाळीस ग्लासांपैकी अकरा विकले गेले होते, एकोणतीस शिल्लक होते. एकीचं म्हणणं पडलं, की एक फुटला म्हणजे सगळे फुटतील असं थोडंच आहे. तिच्या मुलीची फी त्या महिन्यात भरायची होती, तेव्हा तिचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेलं नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "आपल्या पोरांच्या खोलीत यातला ग्लास लावून झोपशील काय?" विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी दोघीजणी कदंबाच्या पहिल्या बशीनं चोर्ला घाटातून पणजीकडं गेल्या, आणि एकोणतीस ग्लास कापडी पिशव्यांतून परत घेऊन आल्या. विकल्या गेलेल्या अकरांपैकी एक फुटलाच होता. उरलेल्या दहांपैकी सहांची गिऱ्हाइकं दुकानदाराच्या ओळखीची निघाली. त्यांनी ते आणून दिले. चारांचा पत्ता लागला नाही. दुकानदारानं गल्ल्यापाशी पाटी लावली.

मग आमचं संशोधन सुरू झालं. संशोधन हा शब्द मोठा आहे, पण पाच मिळून कसोट्या ठरवल्या होत्या आणि त्यांतून कुणाला सूट नव्हती. पहिली, गुळगुळीत काचेला आणि पत्र्याला, दोन्हींना धरलं पाहिजे. दुसरी, ७५ अंशांचं मेण अंगावर ओतलं तरी सुटता कामा नये. तिसरी, मेणात किंवा वासाच्या तेलात विरघळता कामा नये. चौथी, ग्लास तळाला येईपर्यंत पकड राहिली पाहिजे. पाचवी कसोटी काकूंची होती : ग्लास रिकामा झाल्यावर ते खरवडून निघालं पाहिजे, "कारण आपल्याकडची बाई काचेचा ग्लास टाकून देणार नाही, चहाला घेणार."

सुरुवात घरात असलेल्या वस्तूंपासून झाली. बाभळीचा डिंक आणि गव्हाच्या पिठाची खळ, पतंग आणि पाकिटं चिकटवणारे आपले जुने मित्र. दोघेही पाण्यात विरघळणारे. कागदाला धरतात, कारण कागद त्यांचं पाणी पिऊन घेतो. काच काय पिणार? डिंक वाळला आणि काचेसारखाच ठिसूळ होऊन तडकला. टिकली बोटानं ढकलताच घरंगळली. सुतार वापरतात तो पांढरा गोंद आणला. त्याचीही तीच अडचण. त्यातलं पाणी उडून गेलं तरच तो घट्ट होतो; वर पत्रा, खाली काच, पाण्याला वाट फक्त कडेनं. दोन दिवसांनी टिकली उचलली तर मधला गोंद अजून पांढरा आणि ओला. शिवाय हा गोंद उष्णतेनं मऊ पडतो. लाकडाला तो उत्तम. पण लाकडावर कुणी मेण ओतत नाही.

एका क्षणात चिकटणारा जो पातळ द्राव येतो, त्याच्यावर तरुण मंडळींची भिस्त होती. तो चिकटला खरा. पण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, आणि काचेवर टिकलीभोवती पांढुरकं धुकं धरतं. वाळल्यावर तो अगदी ताठ होतो. काच आणि पत्रा तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. मध्ये ताठ माणूस असला की भांडण तुटेपर्यंत जातं. ८० अंशांच्या पुढं त्याची शक्तीही ओसरू लागते. तिसऱ्या दिवशीच्या जळण्यात टिकली सुटली.

मग मला लाख आठवली. चिकटवण्याच्या बाबतीत लाखेइतका जुना अनुभव आपल्या देशात दुसऱ्या कशाला नसेल. चन्नपट्टणची लाकडी खेळणी लाखेनं रंगवतात, पोकळ दागिन्यांत सोनार लाख भरतात, टपालाच्या पाकिटांवर मोहोर उठायची ती लाखेवरच. शहापुरातल्या एका वृद्ध सोनारांकडून लाखेचा तुकडा मागून आणला. त्यांनी कशाला हवी म्हणून विचारलं. सांगितल्यावर हसून म्हणाले, "अहो सर, लाख धरते ती गारव्यात. आम्ही दागिना सोडवायला तिला ऊबच देतो." अगदी तसंच झालं. लाख काचेला सुरेख बसली. पण ती ७५-८० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या आधीच मऊ पडू लागते. म्हणजे मेण ओतण्याच्या तापमानाच्या ती फारच जवळ. धंद्यातल्या माणसाचं एक वाक्य आमच्या दोन दिवसांच्या प्रयोगाइतकं खरं निघालं.

दोन नळ्यांतला पदार्थ एकत्र कालवून लावतात, तो इपॉक्सी गोंदही बघितला. पकड जबरदस्त. पण कालवलेला माल थोड्या वेळातच घट्ट होऊ लागतो, तेवढ्यात पंचवीस-तीस ग्लास होतात, बाकीचा वाया. आणि काकूंच्या पाचव्या कसोटीत तो साफ नापास झाला. टिकली काढायला गेलो तर ग्लासाचा टवका निघाला.

आता तीनच उमेदवार उरले. पहिला, बंदुकीतून निघणारा गरम गोंद. प्लॅस्टिकच्या कांड्या विजेच्या बंदुकीत वितळतात आणि घोडा दाबला की थेंब बाहेर पडतो. शाळकरी पोरींना हस्तकलेसाठी तो माहीत असतो. घरगुती मेणबत्त्या करणारे बहुसंख्य लोक हाच वापरतात, आणि त्याला कारण आहे. काम झटपट होतं, अर्ध्या मिनिटात टिकली पक्की, किंमत थोडी. ७५ अंशांचं मेण त्यानं सोसलं. मात्र थंड काचेवर थेंब पडला की तो बाहेरून गोठतो आणि नुसता टेकून राहतो, धरत नाही. ग्लास आधी कोमट करून घेतला तर हा दोष जातो. खरी परीक्षा शेवटच्या बोटभर मेणात. कांड्यांचा दर्जा सारखा नसतो. हलक्या कांड्या लवकर मऊ पडतात. आम्ही लावलेल्या सहांपैकी दोन ग्लासांत अखेरच्या तासाला टिकली सरकली. चार नीट राहिल्या. आपल्या घरापुरतं, डोळ्यांसमोर जाळायला हा गोंद चालेल. विकायला नाही, असं आम्ही ठरवलं.

दुसरा, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या गोल चकत्या. या कामासाठीच केलेल्या, उष्णता सोसणाऱ्या चकत्या बाजारात मिळतात. कागद सोलायचा, लावायची, दाबायची. स्वच्छ काम. पण काचेवर हाताचा तेलकटपणा असला तर त्या फसतात, आणि दुकानात भेटवस्तू चिकटवायला मिळणारी साधी दुहेरी पट्टी म्हणजे त्या नव्हेत. साधी पट्टी गरम मेणात सुटते. खऱ्या चकत्या आमच्या कसोटीला उतरल्या. फक्त मागवाव्या लागतात, आणि आयत्या वेळी संपल्या तर बेळगावात हमखास मिळतीलच असं नाही.

तिसरा आला तो अनपेक्षित दारातून. भिशीतल्या एका वहिनींच्या दिरांचं खिडक्यांना काचा बसवण्याचं दुकान आहे. ते म्हणाले, मासे ठेवायची काचेची पेटी आम्ही सिलिकॉननं जोडतो. पाण्याचा एवढा भार तो वर्षानुवर्षं धरतो, तुमची एवढीशी टिकली का धरणार नाही? धरली. सिलिकॉन रबरासारखा लवचीक राहतो. काच आणि पत्रा कमीजास्त फुगले तरी तो दोघांचंही ऐकून घेतो. साधारण २०० अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. त्याचे दुर्गुण दोन. एक म्हणजे त्याला घाई चालत नाही. हवेतला ओलावा शोषून तो बाहेरून आत घट्ट होत जातो, तेव्हा चोवीस तास तरी हात लावायचा नाही. थेंब जाड घातला तर त्याहून जास्त. आमच्याकडं पाऊस रेंगाळलेला होता, तो इथं उपयोगी पडला. दुसरा, वाळताना व्हिनेगारसारखा आंबट वास सुटतो. तो पूर्ण गेल्याशिवाय मेण ओतायचं नाही, नाहीतर मोगऱ्याच्या मेणबत्तीला लोणच्याचा वास लागायचा. पितळी वाट्यांत मात्र हा आंबट वासाचा सिलिकॉन वापरू नये. पितळेला तो डाग पाडतो. त्यासाठी बिनवासाचा, उदासीन प्रकार मिळतो.

हिशोबही बसला. २८० मिलिलिटरची एक मोठी नळी. वाटाण्याएवढा थेंब म्हणजे सुमारे अर्धा मिलिलिटर. साडेपाचशे ग्लासांना एक नळी पुरेल. सगळ्यात महाग दिसणारी वस्तू ग्लासामागं विचारली तर सगळ्यात स्वस्तात बसली. आणि रिकाम्या ग्लासातला सिलिकॉन दाढीच्या पात्यानं पापुद्र्यासारखा निघाला. पाचवी कसोटी पास.

तरीही मी सहा ग्लास शेवटपर्यंत जाळून बघितल्याशिवाय हो म्हणायला तयार नव्हतो. अंगणात परातीत वाळू पसरली, तीवर ग्लास ठेवले. रोज चार तास, आठ दिवस. पाळीपाळीनं एकेक जण बसून असे. वाळूजवळ पाण्याची बादली ठेवायला निघालेल्या एका मुलीला मी थांबवलं. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. ज्योत विझवायची ती वर ताटली झाकून. सहाही ग्लासांत टिकली शेवटपर्यंत जागेवर राहिली.

या आठ दिवसांत एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली, ती गोंदाइतकीच महत्त्वाची आहे. टिकलीवरची नळी जितकी उंच, तितकी ज्योत तळापासून दूर विझते. नळी अगदी बुटकी असेल तर वात तळाला टेकेपर्यंत जळत राहते, पत्रा तापतो, काचेचा तळ तापतो, आणि अशा वेळी गोंद कितीही चांगला असला तरी काच फुटू शकते. म्हणून नळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी तरी उंच असावी, आणि तळाशी अर्धा इंच मेण उरलं की दिवा विझवून टाकावा. ते अर्धा इंच मेण वाया गेलं असं वाटून घेऊ नये. ते दिव्याचं भाडं आहे.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. मेण कसं वितळतं, वातीतून कसं चढतं, त्याची वाफ कशी जळते. सांगताना मलाही स्फुरण चढायचं. वातीच्याही कथा सांगायचो. पूर्वी जळलेला शेंडा कात्रीनं सारखा कापत बसावं लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात काढली, ती जळताना वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि आपली राख आपणच करून टाकते. अशी ही शेंड्याची हुशारी. बुडाची गोष्ट मात्र अभ्यासक्रमात कधी नव्हती. ती मला वयाच्या सत्तरीला, विद्यार्थ्यांच्या आयांनी शिकवली.

घटस्थापनेच्या दिवशी कामाला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी ग्लास धुऊन, स्पिरिटनं पुसून उपडे घातले. पुसल्यावर आत बोट लावायचं नाही हा कडक नियम. दुसऱ्या दिवशी टिकल्या बसवल्या. टिकली मध्यावर यावी म्हणून एकीनं पुठ्ठ्याची गोल चकती कापून मध्ये भोक पाडलं. ग्लासात ती घालायची आणि भोकातून टिकली सोडायची. मापाची अशी युक्ती मला सुचली नसती. दोन दिवस नुसती वाट पाहिली. चौथ्या दिवशी प्रत्येक वात वर ओढून बघितली, आणि जी सरकली तो ग्लास बाजूला. तीनशेंत पाच निघाले. वरचा शेंडा दोन काड्यांच्या बेचक्यात सरळ धरून मग मेण ओतलं.

राहता राहिली ती सूचनांची चिठ्ठी. जागा दोन बोटं रुंद, आणि सांगायचं तर पुष्कळ. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नये. वात पाव इंच ठेवून कापावी. पडद्याजवळ ठेवू नये. अर्धा इंच मेण उरलं की विझवावं. आता हे कुठल्या भाषेत लिहायचं? पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आमच्या गावानं किती उन्हाळे-पावसाळे घालवले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. भिशीतल्या आठांपैकी दोघींची घरची भाषा कन्नड. चिठ्ठी लिहायला बसल्यावर त्यांतली एक म्हणाली, "आम्ही मेणदबत्ती म्हणतो, तुम्ही मेणबत्ती. एक द तर जास्ती आहे." गोव्याच्या गिऱ्हाइकांसाठी मेणवात हा शब्दही आला. शेवटी अक्षरं बारीक झाली तरी चालतील, पण मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही घालायचं ठरलं. कारण वाचणाऱ्याला कळलं नाही तर त्याच्या घरात आग लागेल. आणि आगीला कुठल्या भाषेचं घर ते कळत नाही. इतक्या शांतपणे झालेला भाषेचा निर्णय मी बेळगावात दुसरा पाहिलेला नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तीनशे ग्लास खोक्यांतून रवाना झाले. परत आणलेल्या एकोणतीस आणि सहा ग्लासांतलं मेण पुन्हा वितळवून कामी आलं. मेणाचं एक बरं असतं, त्याला दुसरी संधी देता येते. नफा त्या वर्षी फारसा झाला नाही. जायच्या-यायच्या भाड्यात, सिलिकॉनमध्ये आणि जाळून बघितलेल्या ग्लासांत तो गेला. तरी मुलीची फी वेळेवर भरली गेली. भिशीचा तो हप्ता कुणी न सांगता तिलाच दिला गेला. आता मागणी दरवर्षी येते, आणि रिकामे ग्लासही पुन्हा भरून घ्यायला येऊ लागले आहेत. पात्यानं तळ खरवडायचा, नवी टिकली बसवायची.

पत्ता न लागलेल्या चार ग्लासांचा विषय मात्र काकूंनी सोडलेला नाही. गोव्याहून रिकाम्या ग्लासांचं खोकं आलं की त्या स्वतः ते उघडतात आणि एकेक ग्लास उलटा करून बुडाशी काय लावलंय ते बघतात. सिलिकॉन असला की ग्लास डाव्या हाताला ठेवतात. मेणाचा थेंब असलेले दोन आजवर आले. ज्या दिवशी दुसरा आला, त्या दिवशी त्यांनी माझ्या कट्ट्यावर येऊन तेवढंच सांगितलं, "सर, अजून दोन ऱ्हायलेत," आणि पुढच्या कामाला गेल्या.